पासवर्ड : प्राप्त

मंगळवार, ९ मार्च २०१०

झालं बाप्पा एकदाचं! वाइंडिंगच्या अठराही बायांना पर्मनंट करायच्या ऑर्डरवर आज सही झाली. युनियनचे मोतीरामदादा कागद घेऊन थेट मशीनरूममध्ये आले, तेही चपला घालून. दोन वर्षं माणूस त्या कागदामागे फिरून राहिला होता, आज त्याला चपलांचं काय सांगायचं!

यादीत सातवं नाव कलावती अंबादास मेश्राम, म्हणजे आमची वहिनी. अंबादासदादा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ती ठेकेदाराच्या नावावर तांब्याची तार गुंडाळून राहिली आहे.

आता उरलं माझं काम. एक एप्रिलपासून फॅक्टरी नव्या मालकांची. एकतीस मार्चला संध्याकाळी सहा वाजता ते आमच्या डिरेक्टरीची नक्कल उचलणार. डिरेक्टरी म्हणजे एक सर्व्हर. त्यात प्रत्येक कामगाराचं नाव, नंबर, खातं असतं. गेटवरची पंचिंग मशीन त्यालाच विचारते, हा आपला का? तो हो म्हणाला की गेट उघडतं. एकतीसला ज्याचं नाव त्यात, तो नव्या कंपनीचा माणूस. ज्याचं नाही त्यानं ठेकेदाराच्या मागे जावं, तो नेईल तिकडे.

अठरा नावं घालायला मला वीस मिनिटं पुरतात. दादांना म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत करून टाकतो." शेखी मिरवायची सवय काही जात नाही माझी.

बुधवार, १० मार्च

नाही झालं.

नावांची फाईल तयार केली अन् सर्व्हरकडे पाठवली. वाचायला तो कुणालाही देतो, पण नवीन नाव घालायचं तर आधी विचारतो, तू कोण? मुख्य अधिकाऱ्याचं नाव सांगा, पासवर्ड सांगा. पासवर्ड लोखंडी कपाटातल्या लिफाफ्यात होता. चिंतामणी पुराणिककाकांचं अक्षर, तोंडावर लाख, आडवी सही, तारीख १२ सप्टेंबर २००९. माझ्या आधी ही खुर्ची काकांची, ते तीस सप्टेंबरला रिटायर झाले. त्यानंतर एकही नवी भरती नाही, त्यामुळे लिफाफा उघडायची वेळच आली नव्हती. आज फोडला.

पासवर्ड टाकला. उत्तर आलं ४९. म्हणजे ओळख पटत नाही. हळूहळू, एकेक अक्षर बोटानं दाबून पुन्हा टाकला. ४९. पंखा बंद करून टाकला, जसा काही पंख्याचा दोष. ४९.

आता खरी गोष्ट लिहितो, इथं तरी लिहावीच. चार्ज घेताना जी यादी होती तिची अकरावी ओळ अशी: "सर्व्हरचा मुख्य पासवर्ड : प्राप्त, तपासून पाहिला." खाली माझी सही. मी तपासला नव्हता. काका गळ्यात झेंडूचा हार घालून समोर उभे होते. कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची इथपासून ज्या माणसानं मला शिकवलं, त्याच्या तोंडासमोर लिफाफा फाडून खरंखोटं करायचं? आपल्यात करतं का कुणी असं? काकांनी पेन पुढे केलं, मी सही केली.

काकांच्या जागेवरचं माझं सहा महिन्यांचं प्रोबेशनही एकतीसलाच संपून राहिलं.

गुरुवार, ११ मार्च

दिवसभर एकेक शंका फेडली. मुख्य अधिकाऱ्याचं नाव बरोबर आहे का? आहे. मोठी-लहान अक्षरं? बरोबर. हा सर्व्हर फक्त कुलूपबंद जोडणीवरून आलेलंच ऐकतो का? तसंही करून पाहिलं. मग आठवलं, मी पासवर्ड एका फाईलमध्ये लिहून ती फाईल देऊन राहिलो होतो, अन् फाईलच्या शेवटी न दिसणारी रिकामी ओळ असते. सर्व्हर तीसुद्धा पासवर्डातच धरतो. "सापडला साला!" म्हणून मोठ्यानं ओरडलो. ओळ काढली. ४९.

मग रागानं माझ्या स्वतःच्या नावानं गेलो. गुणवंत मेश्राम, माझा साधा पासवर्ड. या वेळी उत्तर बदललं. ५०. म्हणजे तू कोण ते कळलं, पण तुला हक्क नाही. बरं, हे सांगायला मशीन कशाला लागते? आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ आहे ते.

मोतीरामदादा दोनदा डोकावून गेले. "झालं का रे?" "चालू आहे दादा."

शनिवार, १३ मार्च

यातून सुटायचा रस्ता मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मशीन बंद करायची, सीडी घालून सुरू करायची, आतली फाईल उघडायची, नवा पासवर्ड लिहायचा. दीड तासाचं काम. पण तेवढा वेळ गेट बंद राहणार, अन् विक्रीचं चालू आहे म्हणून मशीन बंद करायची तर जीएमची लेखी परवानगी लागते. अर्जात कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू? पासवर्ड नाही. मग ते चार्ज लिस्ट काढतील. अकराव्या ओळीवर बोट ठेवतील.

आपलीच सही अन् आपलाच गळा. बाहेर जायला एकच दार, अन् त्या दारात मीच उभा.

पर्सोनेलच्या शैलेंद्रजींनी विचारलं, "क्या गुणवंत भैया, अठारह नाम में इतना टाइम?" म्हटलं, "सर, टेस्टिंग कर रहा हूँ." आता हे दुसरं खोटं.

उद्या काकांकडे जातो. आधीच जायला पाहिजे होतं. लाज वाटून राहिली होती.

रविवार, १४ मार्च

मदन महलला काकांच्या घरी गेलो. वसुधाकाकूंनी दार उघडलं. काका झोपाळ्यावर, पांढराशुभ्र लेंगा-झब्बा. मला पाहून खुलले. "ये ये गुणवंता!" मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "एवढंच ना? लिफाफ्यातला जुना झाला. सांगतो." अन् पटकन सांगितला. मी बोटावर घोकला.

चहा झाला. दहा मिनिटांनी काका आत बघून म्हणाले, "अगं, गुणवंताला चहा तरी दे!" काकू पुन्हा कप घेऊन आल्या. मला जरा खटकलंच. चहा देऊन बोळवण करायची तर एकदाच करावी, दोन-दोनदा काहून?

निघताना म्हणाले, "अंबादास कसा आहे? बऱ्याच दिवसांत दिसला नाही."

माझ्या हातातली चप्पल तशीच राहिली. दादाच्या मातीला हा माणूस ग्वारीघाटावर माझ्या खांद्याशी उभा होता. मी म्हटलं, "काका, दादा..." तर काकू मधेच, "अहो, गुणवंतला उशीर होतोय." अन् दार लावलं.

येताना रस्ताभर तेच. चुकून बोलले असतील.

सोमवार, १५ मार्च

काकांनी सांगितलेला टाकला. ४९.

गुरुवार, १८ मार्च

परवा, पाडव्याच्या दिवशी, फोन केला. आधी काकू बोलल्या. ते आंघोळीला गेलेत म्हणाल्या, मागून मात्र काकांचा आवाज येत होता. मग काका आले फोनवर, अन् एकदम ठणठणीत आवाजात दुसराच पासवर्ड सांगितला. मी म्हटलं, रविवारी तर वेगळा सांगितला होता. "मी? छे छे! तू चुकीचा ऐकलास."

काल तो टाकला. ४९. आज पुन्हा फोन. तिसराच सांगितला, अन् वर, "तुला शिकवलं ते सगळं वाया गेलं म्हणायचं."

मला आता भलतंसलतं वाटून राहिलं. लिहू का? लिहितोच. दहा वर्षं त्या घरी जाऊन राहिलो, पण आपल्याला दिलेला कप वेगळा तर नाही ना, हे बघायची डोळ्यांची सवय काही गेली नाही. कप कधीच वेगळा नव्हता. पण खुर्ची? त्यांच्या खुर्चीवर मेश्राम बसला हे आतून कुठं सलत असेल तर? तोंडानं गुणवंता-गुणवंता, अन् चावी मात्र कमरेला. मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही. हसत हसत खेळवतात.

कुणाला बोललो नाही. आईला कळलं तर म्हणेल, मी तुले आधीच सांगत होते.

शनिवार, २० मार्च

आज घरी जे झालं त्यानं माझी भूकच मेली.

वहिनीचा भाऊ विष्णू कुंडमहून आला होता. तिकडच्या आश्रमशाळेत स्वयंपाकिणीची जागा निघाली, त्यानं खटपट करून वहिनीसाठी राखून ठेवली होती. आजच हो-नाही सांगायचं होतं. मी ताटावर बसलेलो. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, "नाही रे विष्णू. आता मी कायले येऊ जंगलात? आता मी पर्मनंट झाली. गुणवंतनं नाव घातलं मशीनमधी." अन् माझ्याकडे पाहून, "घातलं ना भाऊजी?"

मी म्हटलं, "हो."

विष्णूनं तिथूनच फोन लावून जागा सोडली. वहिनीनं माझ्या ताटात तिसरी पोळी वाढली. मी नको म्हणत होतो तरी वाढली.

काहून हो म्हटलं मी? जीभ झडली असती तर बरं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर ती कुंडमला गेली असती, सुखात राहिली असती. आता दोन्हीकडून गेली, अन् घालवली मी. हे तिसरं खोटं. पहिल्या दोन्हींत मी एकटा बुडत होतो.

मंगळवार, २३ मार्च

काही नाही. लिफाफ्यातल्या पासवर्डाचे, काकांच्या तिन्ही पासवर्डांचे, सगळे उलटेसुलटे करून पाहिले. काकूंचं नाव, त्यांच्या गल्लीचं नाव, रिटायरमेंटची तारीख. एकशे चाळीस वेळा ४९. वाइंडिंगच्या बाया डब्याच्या सुट्टीत खिडकीखालून जाताना हात करतात. एकीनं पेढा ठेवला होता टेबलावर. तो तसाच आहे, मुंग्या लागल्या.

गुरुवार, २५ मार्च

आज सापडलं. पासवर्ड नाही, कारण सापडलं.

सर्व्हरच्या मागची वायर पाहायला वाकलो तर पत्र्यावर कुंकवाचं बोट. वाळून तपकिरी झालेलं. खाली कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी. मशीनरूमचा चौकीदार भैयालाल दारात तंबाखू चोळत उभा होता. म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "पुराणिक पंडितजी की पूजा का है. हर दशहरे को करते थे ना. जैसे उधर वर्कशॉप में औजार की पूजा होती है, वैसे इसकी. फिर सबको बाहर भेज के ताला बदलते थे. बोलते थे, पूजा हो गई, अब नई चाबी."

"ताला? कौन सा ताला?"

"अरे वही, मशीन का. पासवर्ड."

मी बोटांवर तारखा मोजल्या. लिफाफा बारा सप्टेंबरचा. दसरा अठ्ठावीस सप्टेंबरला. दोन दिवसांनी काका रिटायर. दसऱ्याला पासवर्ड बदलला अन् लिफाफा जुनाच राहिला.

अन् मला हे दहा वर्षांत कळलं काहून नाही? कारण दसऱ्याला मी कधी इथं नसतोच. दसऱ्याला आम्ही नागपूरला असतो, दीक्षाभूमीवर. आई, दादा होता तेव्हा दादा, वहिनी, मी. एक वर्ष चुकवलं नाही. मी तिकडे गर्दीत उभा, अन् इकडे काका मशीनला कुंकू लावून चावी बदलून राहिलेले. दरवर्षी परत आलो की नवा पासवर्ड सांगायचे, मला वाटायचं असाच बदलतात. या वर्षी सांगितलाच नाही.

पण काकांना तर माहीत होतं! दसऱ्याच्या रजेच्या माझ्या अर्जावर सही त्यांचीच असायची. माहीत असून त्या दिवशी बदलला, अन् वर जुना लिफाफा हातात ठेवला. हे चुकून झालं म्हणता? मी काय कुकुलं बाळ आहे?

रविवार, २८ मार्च

सकाळी गेलो. रागातच गेलो. हे असं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

काकू दार अडवून उभ्या राहिल्या, "आज नको गुणवंत, त्यांना बरं नाही." मी म्हटलं, "काकू, अठरा बायांचं पोट आहे." अन् आत शिरलो. काका झोपाळ्यावर. मी बसलोसुद्धा नाही. म्हटलं, "काका, दसऱ्याला पासवर्ड बदलला तुम्ही. मी नागपूरला जातो हे तुम्हाला ठाऊक होतं. मला का नाही सांगितला? माझं काय चुकलं होतं?"

आवाज चढला होता माझा. काकांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, जसं गेटवर नव्या माणसाला पाहतात. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "आपण कोण?"

मला वाटलं, अजून खेळवून राहिले. म्हटलं, "काका, पुरे करा."

"कंपनीनं पाठवलंय का? हे बघा, आपण कोण ते मला ठाऊक नाही. तो पासवर्ड मी फक्त गुणवंत मेश्रामला सांगणार. त्यालाच पाठवा. दुसऱ्या कुणालाही नाही, प्रत्यक्ष जीएम आले तरी नाही."

"मीच गुणवंत, काका."

"असं कुणीही म्हणेल," काका म्हणाले.

मी खिशातून फॅक्टरीचा पास काढला. त्यावर माझा फोटो आहे. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला, परत दिला. "पास कुणीही आणतं. गुणवंत दीक्षाभूमीला गेलाय. परवा येईल. आला की सांगीन." अन् झोपाळ्याला पायानं रेटा दिला.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. फळीवरच्या डब्यांवर चिठ्ठ्या: साखर, मीठ, चहा. गॅसच्या बटणावर चिठ्ठी. मागच्या दारावर चिठ्ठी: इथून बाहेर जायचं नाही. सगळं काकूंच्या अक्षरात. काकू ओट्याला टेकून म्हणाल्या, "दोन वर्षं झाली रे. नोकरीत असतानाच सुरू झालं. कुणाला सांगणार? लोक वेडा म्हणतात. फक्त इज्जतीनं रिटायर होऊ देत, एवढंच मागत होते मी देवाकडे. दसऱ्याला घरी आले तेव्हा म्हणाले, नवा गुणवंताला सांगायचा राहिलाय, लक्षात ठेव गं. मीच विसरले. मलाही काय काय लक्षात ठेवायचं?"

अन् त्या रडल्या. मग डोळे पुसून चहाचं आधण ठेवलं. मी घेतला. बाहेर आलो तर काका म्हणाले, "पाहुण्यांना चहा दिलास का?"

मी हो म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा घेतला.

घरी येऊन अठरा तारखेचं पान वाचलं. फाडून टाकणार होतो. राहू दिलं. काय माणूस आहे मी ते कुठं तरी लिहिलेलं असावं.

सोमवार, २९ मार्च

शैलेंद्रजींना शेवटी सांगावं लागलं की पासवर्ड लागत नाही. ते काही रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसले. "तो ऐसा बोलो ना. बुड्ढा जाते-जाते गलत पासवर्ड दे गया. एक शिकायत लिख दो, कि पुराणिकजी ने जानबूझकर गलत दिया. हम आगे भेज देंगे. मशीन बंद करने की परमिशन भी आज मिल जाएगी, और आपका प्रोबेशन भी सेफ. नए मालिक लोग तो खुश होंगे, पुराने स्टाफ की गड़बड़ी पकड़ी गई."

"उनके घर पुलिस जाएगी?"

"जाएगी तो पूछताछ करेगी, और क्या. उन्होंने कुछ किया नहीं तो डर काहे का?"

टाईप केलेला कागदसुद्धा तयार होता. खाली फक्त सहीची जागा. मी म्हटलं, उद्या सांगतो.

पोलीस झोपाळ्यासमोर उभे राहून विचारतील, तर काका काय सांगतील? आपण कोण? बरं, खरं लिहावं की काकांचं डोकं ठिकाणावर नाही, तर काकूंनी दोन वर्षं डब्यांवर चिठ्ठ्या लावून जे झाकलं ते फॅक्टरीकडच्या रिछाईच्या पानठेल्यापर्यंत पोचेल. अन् काहीच लिहिलं नाही तर परवा सहा वाजता अठरा बाया गेटबाहेर. वहिनीला तर कुंडमही नाही. जिकडे हात लावतो तिकडे कुणी ना कुणी चिरडून राहिलं.

मंगळवार, ३० मार्च

रात्री वहिनीला सगळं सांगितलं. म्हटलं, वीस तारखेला मी खोटं बोललो. नाव घातलेलं नाही. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. मग म्हणाली, "तेव्हाच सांगाचं होतं भाऊजी. मी काय खाऊन टाकलं असतं तुम्हाले?" अन् थोड्या वेळानं, "पुराणिक बाबूनं मले कामावर लावलं. तुमचे दादा गेले तवा तेराव्वा दिवस नव्हता झाला, घरी येऊन नाव लिहून नेलं. त्या माणसाच्या दारात पोलीस नको."

"मग माझी नोकरी..."

"तुम्ही शिकलेले हाव. मी नाही."

सकाळी शैलेंद्रजींचा कागद तसाच परत दिला अन् माझा अर्ज ठेवला. हिंदीत, चार ओळी. चार्ज घेताना मी पासवर्ड न तपासता तपासला म्हणून सही केली. चूक पूर्णपणे माझी. नवीन पासवर्ड घालण्यासाठी मशीन दीड तास बंद करायची परवानगी द्यावी. अठरा नावांचं काम उद्या सहाच्या आत पूर्ण करतो.

शैलेंद्रजींनी वाचलं, म्हणाले, "आ बैल मुझे मार. सोच लो."

म्हटलं, "सर, तीन हफ्ते से सोच ही रहा हूँ."

दुपारी जीएमची सही झाली. अर्जाच्या मार्जिनमध्ये त्यांनी दुसरंही काहीतरी लिहिलं, ते मला दाखवलं नाही.

बुधवार, ३१ मार्च

दोन वाजता, पहिली पाळी सुटायच्या आधी, मशीन बंद केली. भैयालाल गेटवर जाऊन उभा राहिला, लोकांना हातानं आत-बाहेर करत. सीडी घातली. फाईल उघडली. काकांच्या पासवर्डाची लांबलचक ओळ होती, मशीन तो न वाचता येणाऱ्या रूपात बदलून ठेवते तशी. ती पुसायच्या आधी एका कागदावर उतरवून घेतली, काहून ते मला सांगता येणार नाही. मग नवा घातला. साडेतीनला सर्व्हर उठला.

नावं पाठवली. एक, दोन, तीन. सातवं, कलावती अंबादास मेश्राम. दाखल. अठरावं शेवंता. दाखल. बाया गेटवर आल्या तर मशीन एकेकीच्या अंगठ्याला हिरवा दिवा देऊन राहिली होती. शेवंताबाईनं दिवा लागला तरी अंगठा उचललाच नाही, मागच्या ओरडायला लागल्या. मोतीरामदादा खिडकीखालून काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही, पण हात जोडलेले दिसले.

पाच वाजता शैलेंद्रजी आले. खुर्चीवर बसले नाहीत. कागद टेबलावर ठेवला. प्रोबेशन समाधानकारक नाही, सेवा कायम करता येत नाही. महिनाभर ठेकेदारामार्फत राहून चार्ज द्यावा. "छह बजे के पहले डायरेक्टरी से भी अपना नाम हटा दो," ते म्हणाले, "कॉपी में गलत नहीं जाना चाहिए."

"कौन करेगा?"

"अब आपके सिवा पासवर्ड किसके पास है?"

खरंच की. मीच केलं. गुणवंत मेश्राम, शोधलं, सापडलं, काढलं. हक्क होता या वेळी, एका फटक्यात निघालं. अठरा घातली, एक काढलं. सहा वाजता नव्या मालकांचा माणूस येऊन नक्कल घेऊन गेला. मी निघालो तेव्हा अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. भैयालालनं गेट हातानं उघडलं अन् मान खाली घातली.

रडू नाही आलं. घरी आलो तर वहिनीनं पुरण घातलं होतं. पाडव्याचं राहिलं होतं म्हणे. आमच्याकडे पाडवा कधीपासून आला, आईनं विचारलं.

गुरुवार, १ एप्रिल

सकाळी आठलाच फोन. मदन महलचा नंबर. मला वाटलं काकू असतील. काका होते. आवाज पूर्वीसारखा, कामाचा.

"गुणवंता? आलास का नागपूरहून?"

"आलो काका."

"हं. ऐक. परवा एक माणूस आला होता घरी. तुझं नाव सांगून पासवर्ड मागत होता. पास पण बनवून आणला होता, फोटोसकट. मी दिला नाही."

"बरं केलं काका."

"तुझ्यासाठी ठेवलाय. दसऱ्याला बदलला, तुला सांगायचा राहिला. आवाजावरून ओळखलं तुला, आता सांगतो. लिहून घेऊ नकोस, डोक्यात ठेव."

अन् सांगितला. हळू, एकेक अक्षर, मला शिकवायचे तसा. दोनदा सांगितला. दोन्ही वेळा तोच.

"लगेच टाकून बघ. मी थांबतो फोनवर."

मी अंगणात उभा होतो, हातात टूथब्रश. समोर वहिनी नवा पास गळ्यात घालून फॅक्टरीला निघून राहिली होती. मी तिला थांब म्हणून खूण केली. फोन छातीशी धरला. पन्नासपर्यंत मोजलं, मशीन घेते तेवढा वेळ. मग म्हटलं, "लागला काका. उघडलं."

"नावं घातलीस?"

"घातली. सगळी."

"शाब्बास. अंबादासला सांग."

"सांगतो."

वहिनीनं विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, पुराणिककाकांचा, तुझ्याबद्दल विचारून राहिले होते. ती पदर सारखा करून गेली.

दुपारी मशीनरूममध्ये काल उतरवलेली ती ओळ काढली अन् काकांचा पासवर्ड मशीनकडून त्याच रूपात बदलून घेऊन तिच्याशी ताडून पाहिला. तोच होता. कागद फाडला, तुकडे खिशात घालून बाहेर नेले.

पासवर्ड इथं लिहीत नाही. वहीत लिहायचा नसतो.